अण्णांची चेतक का तापली?



किक मारण्याआधी स्कूटर एका अंगाला चांगली कलती करायची, क्षणभर तशीच धरायची, मग सरळ करून किक हाणायची, हा प्रकार तुम्ही कधी पाहिला आहे का? नसेल, तर घरात आईबाबांना किंवा आजोबांना विचारा. विचारल्याबरोबर त्यांच्या चेहऱ्यावर हसू आलंच म्हणून समजा! अहो, अर्ध्या महाराष्ट्राची सकाळ त्या कलंडण्यानेच सुरू व्हायची.

ती स्कूटर म्हणजे बजाज चेतक. महाराणा प्रतापांच्या घोड्याचं नाव तिला दिलेलं. १९७२ सालापासून पुण्याजवळ आकुर्डीला ती तयार होऊ लागली. पैसे भरून नाव नोंदवायचं आणि मग काही वर्षं वाट पाहायची, असा तो काळ. आता पेट्रोलवरची ती चेतक तयार होत नाही. २०२० साली त्याच नावाची विजेवर चालणारी स्कूटर आली. माझ्या वर्गातल्या मुलांना चेतक म्हटलं की तीच आठवते. आमच्याकडची जुनी आहे असं सांगितल्यावर एकाने विचारलं, "बाई, ती चार्जिंगला किती वेळ लावता?"

आमची चेतक १९८८ सालची. अण्णांची, म्हणजे माझ्या वडिलांची. पुढे उभी मी, मागे आई, आईच्या मांडीवर धाकटा भाऊ, अशी आमची वरात साताऱ्यात फिरायची. पुढे अण्णा निवृत्त झाले, गुडघे दुखायला लागले आणि स्कूटर जिन्याखाली गेली. सात वर्षं तिथेच होती. भंगारवाला दोनदा भाव करून गेला. दोन्ही वेळा अण्णा म्हणाले, "बघू पुढच्या महिन्यात."

मग मीच एक दिवस ठरवलं, की ही पुन्हा रस्त्यावर आणायची. पगारातले पैसे बाजूला टाकले आणि आमच्या जुन्या मिस्त्रींकडे गाडी नेली. मी शाळेत जायला लागले तेव्हापासून अण्णांची गाडी तेच बघतात. त्यांनी इंजिन उतरवलं, उघडलं, सिलेंडर बोअर करून घेतला, नवा पिस्टन, नव्या रिंगा, नवे ऑइल सील, नवा प्लग, सगळं केलं. मला म्हणाले, "बाळा, बाहेरचे पत्रे तू घरी घासून रंगवून आण. तेवढीच मजुरी वाचेल." मी दिवाळीच्या सुट्टीत ते काम अगदी हौसेने केलं. स्कूटर तयार झाली. पहिल्या किकला सुरू झाली! अण्णांनी तिला हळदकुंकू वाहिलं. चाकाखाली लिंबू ठेवायलाही ते विसरले नाहीत.

आणि पहिल्याच रविवारी ती घाटात बंद पडली.

साताऱ्यातून कासकडे निघालं की लगेच यवतेश्वरचा घाट लागतो. चढ चांगलाच आहे. दुसऱ्या मोठ्या वळणाच्या थोडं पुढे इंजिनाचा आवाज बदलला. गाडी ओढेना. मूठ पिळली तरी वेग वाढेना, उलट कमीच झाला. मग खट्कन बंद. किक दाबायला गेले तर पाय खाली जाईना! जणू कुणी आतून धरून ठेवली होती. अण्णांनी बाटलीतलं चार थेंब पाणी इंजिनावर शिंपडलं. चर्र! "बघ, केवढं तापलंय!" ते म्हणाले. वीस मिनिटं कठड्यावर बसलो. इंजिन गार झालं, किक मोकळी झाली, गाडी सुरू झाली. उताराने मुकाट्याने घरी आलो.

इथे एक गंमत सांगते. पाणी चर्र करून उडून गेलं हा काही पुरावा नव्हे बरं का! पाणी उकळायला शंभर अंश पुरतात. हवेवर थंड होणारं धडधाकट इंजिनही चालून आल्यावर डोक्याशी शंभर अंशांच्या पुष्कळ वर असतं. चांगल्या गाडीवर पाणी टाकलं तरी चर्र होणारच. वर तापलेल्या धातूवर गार पाणी ओतलं तर त्याला तडा जायची भीती. खरा पुरावा दुसराच होता: चढावर दम तुटणं, किक धरली जाणं आणि गार झाल्यावर सगळं पुन्हा ठीक होणं. हे तिन्ही एकत्र आलं, की समजायचं, आत पिस्टन फुगून बसला होता.

पिस्टन फुगतो? हो तर! पिस्टन असतो ॲल्युमिनियमचा आणि तो ज्या नळकांड्यात वरखाली धावतो ते सिलेंडर बिडाचं. तापलं की दोन्ही फुगतात, पण ॲल्युमिनियम लोखंडाच्या जवळजवळ दुप्पट फुगतं. दोघांमध्ये फट असते ती वहीच्या एकदोन पानांच्या जाडीएवढी. ती भरून निघाली की पिस्टनला हलायला जागाच नाही. मिस्त्री लोक म्हणतात, "पिस्टन धरला."

अण्णा दुसऱ्याच दिवशी गॅरेजवर गेले. मी बरोबर होते. चार गिऱ्हाइकं उभी होती आणि त्यांच्यादेखत अण्णा बोलले, "मिस्त्री, तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती. एवढे पैसे घेऊन असलं काम?" मिस्त्री काही बोलले नाहीत. त्यांनी गाडी ठेवून घेतली, वरचं टोपण काढून सिलेंडर उतरवला. पिस्टनवर उभे ओरखडे पडले होते. ते त्यांनी बारीक पॉलिश पेपरने घासून साफ केले, ठिणगी पडण्याची वेळ पुन्हा तपासली आणि सगळं जोडून दिलं. पैसे घेतले नाहीत. म्हणाले, "नवा पिस्टन आहे, सुरुवातीला जरा घट्ट असतो. पहिले पाचसातशे किलोमीटर सांभाळून चालवा."

आठवड्याने गाडी पुन्हा त्याच वळणावर, त्याच पद्धतीने बंद पडली. मिस्त्रींनी पुन्हा उघडली, पुन्हा जोडली, पुन्हा फुकट. या खेपेला ते मला बाजूला घेऊन म्हणाले, "काम बरोबर झालंय असं माझे हात सांगतात. पण गाडी थांबते म्हटल्यावर मी कुठल्या तोंडाने बोलू?" अण्णांनी घरी येऊन भंगारवाल्याचा नंबर शोधायला घेतला. आणि मिस्त्रींशी तीस वर्षांची ओळख होती, तिचंही भंगार व्हायची वेळ आली होती.

आता जरा इंजिनाच्या आत डोकावू या, म्हणजे पुढचं समजेल.

सिलेंडरमध्ये पेट्रोल जळतं तेव्हा आतल्या ज्वाळेचं तापमान दोन हजार अंशांच्याही वर जातं. ॲल्युमिनियम तर सहाशे साठ अंशांना वितळतं! चेतकचं इंजिन टू-स्ट्रोक, म्हणजे दर फेऱ्याला एक भडका. मिनिटाला तीन हजार फेरे धरले, तर सेकंदाला पन्नास भडके. मग पिस्टनचं पाणी का होत नाही? कारण उष्णता जितक्या झपाट्याने तयार होते, तितक्याच झपाट्याने बाहेर काढून दिली जाते. जळलेल्या पेट्रोलच्या ताकदीतला जेमतेम पाव हिस्सा, छोट्या इंजिनात त्याहूनही कमी, चाकापर्यंत पोचतो. बाकीची सगळी उष्णता! काही सायलेन्सरमधून जाते, काही सिलेंडरच्या भिंतींतून.

मोटारगाड्यांत ही भिंतींतली उष्णता पाणी वाहून नेतं. चेतकमध्ये पाणी नाही, तिथे हवाच हे काम करते. ते कसं, हे तुमच्या आजोबांना चांगलं ठाऊक आहे. कपातला चहा फार गरम असला की ते काय करतात? बशीत ओततात आणि फुंकर मारतात. बशीत ओतला की चहा पसरतो, हवेला भिडायला जास्त जागा मिळते. फुंकर मारली की गरम झालेली हवा उडून जाते आणि तिच्या जागी ताजी येते. सिलेंडरच्या बाहेरून पातळ पातळ पाकळ्या असतात ना, ती झाली बशी. आणि फुंकर?

मोटारसायकलचं इंजिन उघड्यावर असतं. तिला वाऱ्याची फुंकर आयतीच मिळते. स्कूटरचं इंजिन बिचारं पत्र्याच्या आड कोंडलेलं. म्हणून इंजिनाच्या कडेला जे जड चाक फिरतं (मिस्त्री त्याला मॅग्नेट म्हणतात) त्याच्या तोंडावरच पंख्याची पाती असतात. पंख्यावर जाळीचं झाकण. जाळीतून हवा आत येते, झाकणाच्या निमुळत्या गळ्यातून वर ढकलली जाते आणि सिलेंडरवर बसवलेल्या टोपणाखाली शिरून पाकळ्यांमधून सुसाटत दुसऱ्या टोकाने बाहेर पडते. गाडी सिग्नलला उभी असली तरी फुंकर चालूच. आहे की नाही हुशारी!

तेव्हा इंजिन फार तापलं तर दोनच शक्यता. एक तर उष्णता जास्त तयार होते आहे, नाहीतर ती बाहेर पडत नाही आहे. शाळेतल्या पाण्याच्या टाकीसारखंच हे. टाकी वाहायला लागली तर नळ मोठा सुटला असेल किंवा खालची मोरी तुंबली असेल.

मी एक जुनी वही घेतली आणि ठरवलं, की दर वेळी एकच गोष्ट बदलायची, रस्ता तोच, वेळ संध्याकाळचीच, गाडीवर मी एकटीच. दोन गोष्टी एकदम बदलल्या आणि गुण आला, तर कशाने आला हे कधीच कळत नाही. (ताप आल्यावर चार घरगुती उपाय एकदम करणाऱ्या आजी तुमच्याकडेही असतीलच.)

आधी फुकटातल्या तपासण्या. ब्रेक चाकाला घासत राहिला तर इंजिनाला उगीच जास्त राबावं लागतं. गाडी स्टँडवर घेतली, न्यूट्रल केली, मागचं चाक हाताने फिरवलं. मस्त मोकळं फिरलं. पुढचंही तसंच. ब्रेक सुटला यादीतून.

मग ऑइल. टू-स्ट्रोक गाडीत पेट्रोलमध्येच ऑइल मिसळतात, तेच पिस्टनला वंगण. नेहमी लिटरमागे २० मिलिलिटर. मिस्त्रींनी नव्या पिस्टनसाठी सुरुवातीला दुप्पट घालायला सांगितलं होतं आणि अण्णा औषधाच्या मापाने मोजून घालत होते. धूरही पांढराशुभ्र निघत होता. शेजारच्या काकू तक्रार करून गेल्या, तेव्हा ऑइल भरपूर आहे याची खात्रीच पटली!

मग प्लग काढून पाहिला. प्लगचं टोक म्हणजे इंजिनाची जीभ. डॉक्टर जीभ बघतात ना, तसं मिस्त्री प्लग बघतात. चॉकलेटी रंग असला की तब्येत उत्तम. काळाकुट्ट, काजळी धरलेला असला की पेट्रोल जास्त जातंय किंवा नीट जळत नाही. आमचा निघाला पांढरट. पांढरट म्हणजे पेट्रोल कमी, हवा जास्त. तुम्ही म्हणाल, पेट्रोल कमी तर आग कमी, मग तापेल कशाला? मलाही आधी तसंच वाटलं होतं. पण जळून उरणारं थोडं जास्तीचं पेट्रोल वाफ होताना आतली उष्णता शोषून घेत असतं, आणि टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोल कमी झालं की त्याच्याबरोबरचं ऑइलही कमी होतं. म्हणून उपाशी इंजिन जास्त तापतं.

सापडलं, असं वाटलं! मिस्त्रींनी कार्बोरेटर खोलून जेट साफ केलं, खालचं गॅसकेट बदललं. घाटात गेले. दुसरं मोठं वळण, थोडं पुढे, खट्. वहीत फुली मारली. नंतर लक्षात आलं, की पांढरा प्लग पेट्रोल कमी असल्यानेही येतो आणि इंजिन नुसतंच फार तापलं तरीही येतो. चोर आणि चोरीला गेलेला माणूस दोघंही धावत होते, मी नुसतं धावणं पाहिलं!

त्या दिवसांत मी हवेवर थंड होणाऱ्या इंजिनांबद्दल मिळेल ते वाचत सुटले होते आणि त्यात भेटली जर्मनीची फोक्सवॅगन बीटल. हो, तीच ती किड्यासारखी गोल पाठीची मोटार. २००३ साली मेक्सिकोत शेवटची बीटल तयार झाली, तोवर दोन कोटी पंधरा लाखांहून जास्त बीटल जगभर गेल्या होत्या. तिचं इंजिन मागे, आणि त्यातही पाणी नाही! चार सिलेंडर, दोन इकडे दोन तिकडे आडवे पडलेले. वर एक मोठा पंखा. हा पंखा डायनामोच्याच दांड्यावर बसवलेला आणि दोघांना मिळून एकच पट्टा फिरवतो.

बीटलचं इंजिन नव्याने बांधल्यावर तापू लागलं, तर जाणकार लोक आधी पिस्टनकडे बघतच नाहीत. ते बघतात पत्रे. सिलेंडरभोवती पत्र्याचे अनेक तुकडे असतात आणि इंजिनाच्या खोलीच्या कडेने रबराची पट्टी. वरची हवा गार, खालची गरम, आणि दोघींची गाठ पडू द्यायची नाही, एवढ्याचसाठी तो खटाटोप. इंजिन बांधताना कुणाला एखादा पत्रा बिनकामाचा वाटतो, तो शेल्फवर राहून जातो, आणि पंखा तीच गरम हवा पुन्हा पुन्हा ओढत बसतो. आधीच्या बीटलमध्ये आणखी एक खोड होती. ऑइल गार करणारी जाळी पंख्याच्या वाटेतच उभी होती, त्यामुळे तिच्या मागच्या तिसऱ्या नंबरच्या सिलेंडरला कोमट झालेली हवा मिळायची आणि चौघांत तो नेहमी जास्त तापायचा. मोठ्या कुटुंबात एका भावाच्या वाट्याला रोज गार झालेली भाकरी यावी, तसं! १९७१ च्या मॉडेलपासून ती जाळी बाजूला वेगळ्या खणात नेली.

हे वाचून मी धावत जिन्याखाली गेले. आमच्या चेतकचे पत्रे मोजले. टोपण जागेवर, जाळीचं झाकण जागेवर, सगळे स्क्रू घट्ट. पत्रे तर सगळे होते! वहीत लिहिलं, "पत्रे ठीक."

सोमवारी चौथीच्या वर्गात हवेचा धडा होता. मुलांनी भिरभिरी करून आणली होती. धडा लवकर संपला म्हणून मी त्यांना स्कूटरची गोष्ट सांगितली. मग काय, उपायांचा पाऊसच पडला. बर्फ बांधा, टेबलफॅन लावा, रात्रीच चालवा! एक मुलगी मात्र गप्प होती. तिने विचारलं, "बाई, सात वर्षांपूर्वी ती तापायची का?" नाही, तापायची नाही. "मग दुरुस्तीत काय काय बदललं, ते सगळं फळ्यावर लिहा ना."

मी लिहीत गेले. पिस्टन. रिंगा. बोअर. सील. प्लग. गॅसकेट. शेवटी लिहिलं, "पत्रे घासून रंगवले." आणि खडू खाली ठेवताना म्हणाले, "हे शेवटचं सोडून द्या, ते मी केलंय." सगळा वर्ग हसला. मला का हसले ते कळलं नाही. मग ती मुलगी म्हणाली, "पण बाई, पंख्याची हवा येते का, ते भिरभिरं धरून बघितलं का?"

नव्हतं बघितलं! पत्रे आहेत की नाहीत ते पाहिलं होतं. हवा आहे की नाही ते कुणीच पाहिलं नव्हतं.

त्या संध्याकाळी आमचे दूधवाले काका आले, तेव्हा त्यांना थांबवलं. त्यांच्याकडेही चेतकच, दोन्ही बाजूंना किटल्या लटकवून रोज हिंडते आणि कधी तापत नाही. पतंगाच्या कागदाची वीतभर पट्टी काडीच्या टोकाला चिकटवली. त्यांची गाडी स्टँडवर सुरू ठेवून, हात लांब ठेवून, पट्टी पंख्याच्या जाळीसमोर धरली. झपकन जाळीला चिकटली! हवा आत जाते आहे. मग टोपणाच्या दुसऱ्या टोकाशी धरली. पट्टी आडवी होऊन फडफडायला लागली. हवा बाहेर येते आहे.

आता आमची. टोपणाच्या टोकाशी पट्टी धरली. सरळ खाली लोंबत राहिली, जरा कुठे हलली एवढंच. म्हणजे फुंकर नाही! मग जाळीसमोर धरली. आता नीट विचार करा हं. टोपणाला कुठे फट असती आणि हवा मधेच निसटत असती, तर जाळीपाशी पट्टी जोरात ओढली गेलीच असती. पण इथेही ती नुसती डुलली. पंखा तर फिरत होता, पातीही शाबूत दिसत होती. आत जात नाही, बाहेर येत नाही. म्हणजे मधे कुठेतरी वाट बुजलेली!

सकाळी इंजिन पूर्ण गार असताना मी जाळीच्या झाकणाचे स्क्रू काढले. झाकण उलटं केलं. त्याच्या निमुळत्या गळ्यात, अगदी आत, कापडाचा बोळा बसला होता. ओढला तर निघेना, रंगाने चिकटला होता. जोर लावल्यावर टर्रकन सुटला. सुती साडीचा तुकडा, हिरवा काठ, एका कडेला तांबूस करपलेला.

ती साडी मी ओळखली. आईची होती. आणि बोळा मीच कोंबला होता. दिवाळीच्या सुट्टीत पत्रे रंगवून अंगणात वाळत ठेवले, तेव्हा कुंभारमाश्या भणभणत होत्या. आत मातीचं घर करतील म्हणून रंग ओला असतानाच मी गळ्यात कापड कोंबलं आणि विसरून गेले. मिस्त्रींनी दोनदा टोपण काढलं, सिलेंडर काढला, पण त्यासाठी जाळीचं झाकण काढावं लागत नाही, त्यामुळे बोळा कुणाला दिसला नाही. घाटात दर वेळी थोडा करपट वास यायचा. आम्ही म्हणायचो, नवा रंग आहे, जळायचाच थोडा.

बराच वेळ मी जिन्याखालीच बसून राहिले. मग बोळा घेऊन अण्णांकडे गेले. त्यांनी तो हातात घेतला, काठ बघितला, आईला हाक मारली. आई म्हणाली, "अगं, हे मी शोधत होते!"

आम्ही दोघंही गॅरेजवर गेलो. मी बोळा पुढे केला आणि काय झालं ते सांगितलं. मिस्त्रींनी कापड उलटसुलट करून पाहिलं. आपल्या हाताखालच्या पोराला बोलावलं. "झाकण बसवताना आत बघितलं होतंस?" पोरगं मान खाली घालून उभं. मी म्हटलं, "काका, त्याला नका बोलू. चूक माझी." ते म्हणाले, "कोंबलं तू, पण बसवलं आम्हीच." अण्णा इतका वेळ गप्पच होते. त्यांनी दोन वेळच्या मजुरीचे पैसे मोजून टेबलावर ठेवले आणि म्हणाले, "मिस्त्री, त्या दिवशी चार माणसांत बोललो. आज दोनच माणसं आहेत, पण बोलतो. माझं चुकलं." मिस्त्रींनी अर्धे पैसे उचलले, अर्धे परत सरकवले. मग त्या पोराला चहा आणायला पाठवलं. चहा आला तो कपबशीत. अण्णांनी बशीत ओतून फुंकर मारली आणि मला एकटीलाच हसू आलं.

त्यानंतरच्या रविवारी मी आणि अण्णा यवतेश्वरपर्यंत गेलो. दुसरं मोठं वळण आलं तेव्हा दोघंही श्वास रोखून बसलो होतो. वळण गेलं. प्लग काढून पाहिला, छान चॉकलेटी होता. पिस्टनवरचे ओरखडे मात्र कायमचे राहिले. त्यामुळे मिस्त्रींनी हजार किलोमीटर होईपर्यंत जोरात चालवायची बंदी घातली आहे. वर्गात सांगितलं तेव्हा ती मुलगी म्हणाली, "बाई, मी तर शेवटच्या ओळीवरच बोट ठेवलं होतं."

आता तुमच्यासाठी एक प्रयोग. एक बुटाचं खोकं घ्या, दोन्ही टोकांना वाटीएवढी भोकं पाडा आणि एका भोकासमोर टेबलफॅन ठेवा. दुसऱ्या भोकाशी पतंगाच्या कागदाची पट्टी धरा. मग खोक्यात रुमाल ठेवा आणि पुन्हा धरा. नंतर रुमाल काढून खोक्याच्या अंगाला एक चीर पाडा आणि पुन्हा बघा. बंद वाट आणि फुटकी वाट यांत फरक कसा ओळखायचा ते तुम्हीच शोधून काढाल. पण सुरू असलेल्या गाडीजवळ हा प्रयोग एकट्याने मुळीच करायचा नाही हं! फिरता पंखा बोटं ओळखत नाही, आणि सायलेन्सरचा चटका महिनाभर पुरतो. पेट्रोलचं काम तर मोठ्या माणसांचंच.

आणि हे कोडं. बीटलच्या चालकासमोर एक लाल दिवा असतो. डायनामो वीज तयार करत नसला की तो लागतो. पाण्यावर थंड होणाऱ्या पुष्कळ जुन्या मोटारींत असा दिवा लागला तरी चालक गाडी हळूहळू गॅरेजपर्यंत नेऊ शकायचा. बीटलचा चालक मात्र दिवा लागताच गाडी कडेला घेऊन इंजिन बंद करायचा. का बरं? उत्तर याच लेखात कुठेतरी दडलं आहे. पोस्टकार्डावर लिहून पाठवा, आणि नावापुढे इयत्ता लिहायला विसरू नका.

तुमची,
बाई